बाथटबातलं अरण्य

माझ्या डॉक्टरांनी मला तीन गोष्टी वर्ज्य केल्या आहेत. मीठ, लोणी आणि धक्के. मीठ मी सोडलं. लोणी डिम्फना, म्हणजे माझी बायको, बघत नसेल तेवढंच खातो. पण धक्क्यांचं काय करायचं? ते सरकारकडून येतात आणि सरकारकडून आलेली वस्तू नाकारायची मला सवय नाही. उभा जन्म मी ड्रमगॉनाच्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. पगार सरकारचा, खडू सरकारचा आणि गळकं छप्परही सरकारचंच. गावात मला मॅलकी टिअरनन म्हणून कोणी ओळखत नाही, सगळे 'मास्तर' म्हणतात. पोरांनी रेघेबाहेर लिहिलं की मी अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचो. असा मी माणूस. आणि अशा माणसाला या वयात बेकायदा जंगल लावल्याच्या संशयावरून भर शेतात उभं केलं गेलं.

झालं असं की शाळा बंद पडली. आमच्या या आयरिश परगण्यात, लीट्रिममध्ये, पोरं जन्माला येतात, शिकतात आणि ऑस्ट्रेलियाला जातात. पुढे पुढे जन्माला यायचीही बंद झाली, तेव्हा सरकारने कुलूप घातलं. त्याच हिवाळ्यात शाळेच्या अंगणातलं ओकचं झाड वादळात आडवं झालं. त्या झाडाखाली मी 'जे' पक्ष्याचा धडा शिकवत असे. हा निळ्या पंखाचा पक्षी ओकच्या बिया जमिनीत पुरून ठेवतो, कुठे पुरल्या ते विसरतो आणि त्याच्या विसराळूपणातून ओकची रानं उभी राहतात. दरवर्षी हा धडा झाला की एखादं कार्टं म्हणायचं, "सर, मग गृहपाठ विसरला तर काय उगवतं?" असो. सांगायचा मुद्दा हा, की झाड पडण्याआधीच्या शरद ऋतूत मी त्याच्या बिया पोतंभर वेचून ठेवल्या होत्या.

त्या पोत्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात ती दुर्बुद्धी शिरली. आपण शिकवलेल्या प्रत्येक पोराच्या नावाचं एक ओकचं झाड लावायचं. जागा होतीच, बिड आत्याचं कुरण. पाणथळ, लव्हाळ्याने माजलेलं. त्यात गाय शिरली की तिला काढायला ट्रॅक्टर लागतो आणि ट्रॅक्टर शिरला की त्याला काढायला शेजारी लागतात. आत्या जाताना ते माझ्या नावावर करून गेली. तिचं माझ्यावर कधीच प्रेम नव्हतं.

बेत मी गुप्त ठेवला. झाडं लावून झाली की फादरना बोलवायचं, सगळ्या गावासमोर पडदा सारायचा आणि लोकांनी डोळे पुसायचे, असं सगळं मी योजलं होतं. भाषणही तयार होतं. बिया दुधाच्या रिकाम्या खोक्यांतून रुजत घातल्या, प्रत्येकात आइस्क्रीमची एकेक काडी खोचली आणि काडीवर हजेरीपटातलं एकेक नाव माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं. खोकी ठेवायला उजेडाची, ओलाव्याची आणि उंदरांना वर चढता न येणारी जागा हवी. अशी जागा घरात एकच होती.

"मॅलकी," डिम्फना म्हणाली, "बाथटबात झाडं आहेत."

"फक्त हिवाळाभर गं."

"आणि मी अंघोळ कुठे करू?"

"तुझी बहीण आहे की कॅरिकला."

डिम्फना काही बोलत नाही तेव्हा ती कुठेतरी लिहून ठेवते अशी माझी खात्री आहे.

मग मी अल्टन हॅरनला फोन केला. हा पोरगा वनसल्लागार असून त्याच्या गाडीत कायम चिखल आणि चेहऱ्यावर कायम उद्याची आशा असते. त्याच्याकडून मला पहिला धक्का बसला.

"परवाना लागेल, मास्तर."

"झाडं तोडायची नाहीत रे. लावायचीत."

"लावायलाच लागतो. तोडायला वेगळा."

"आणि नुसतं त्यांच्याकडे बघायला?"

"ते अजून मोफत आहे," अल्टन म्हणाला. हा माझा विद्यार्थी नव्हे. असता तर बाकावर उभा केला असता.

अर्ज गेला. कुरणाच्या फाटकावर नियमाप्रमाणे नोटीस लागली: 'या जागी वनीकरणासाठी अर्ज करण्यात आला आहे.' कुठली झाडं, कशासाठी, त्याचा पत्ता नाही. गावाने ती वाचली. आणि कोणीही मला काही विचारलं नाही. आमच्याकडे माणसाला सरळ प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालण्यासारखं आहे. ते सभ्य माणूस करत नाही. तो आडून येतो, बसतो, चहा पितो आणि हवेबद्दल बोलतो. आमचा शेजारी पॅकी गॅलॉग्ली यात अगदी पटाईत. त्याची तिन्ही पोरं माझ्या हाताखालून गेली आणि आता तिघंही पर्थला घरं बांधतात. तेव्हापासून पॅकी रोज संध्याकाळी चहाला आमच्याकडे असतो.

"पाऊस येणारसं दिसतंय, मास्तर."

"येईल."

"फाटकावर कागद दिसला."

"दिसला असेल."

"भिजेल तो."

"प्लॅस्टिकमध्ये घातलाय."

"बेस केलंत," पॅकी म्हणाला आणि त्याने आणखी एक स्कोन, आमचा चहाबरोबरचा छोटा पाव, उचलला. माझ्या मते विषय तिथे संपला होता. मुतायला तो नेहमीसारखा बाथरूमकडे निघाला, तेव्हा मी आडवा होऊन त्याला सांगितलं की नळ बिघडलाय, गोठ्यामागे जा. तो गेला. पण जाताना त्याने त्या बंद दाराकडे असं काही पाहिलं, जणू आत आम्ही कुणाला डांबून ठेवलंय.

असाच एके संध्याकाळी पॅकी चहा ढवळत बसला असताना अल्टनचा फोन आला. माझ्या हाताला स्कोनचं पीठ लागलेलं, म्हणून डिम्फनाने फोन टेबलावर ठेवून त्याचा आवाज मोठा केला. आजवर त्या बटणाला आमच्या घरात कोणी हात लावला नव्हता.

"मास्तर, वाईट बातमी. हरकती आल्यात."

"हरकती? माझ्यावर? कुणाच्या?"

"सगळ्या गावाच्याच म्हणा की. दुकानवाल्या कॉन्सेप्टाबाईंची आहे. गायनमंडळाची आहे, एकत्र, चार स्वरांत. आणि सगळ्यात कडक कुणा पॅट्रिक गॅलॉग्लीची. ओळखता का?"

स्वयंपाकघरात चमच्याचा आवाज थांबला.

"ओळखतो," मी म्हणालो.

"त्यांनी लिहिलंय, अर्जदार हा डब्लिनच्या भांडवलदारांना विकला गेलेला मनुष्य आहे."

मी पॅकीकडे पाहिलं. पॅकीने कपात पाहिलं. मग तो म्हणाला, "साखर आहे का थोडी?"

त्या घटकेला मला जो धक्का बसला, तो डॉक्टरांच्या यंत्रावर मावला नसता. माझ्या टेबलावर बसून, माझे स्कोन खाऊन, माझ्याविरुद्ध सरकारदरबारी! डिम्फनाने साखर पुढे सरकवली आणि म्हणाली, "पॅकी, भल्या माणसा, तुला वाटलं तरी काय?"

"वाटायचंय काय?" पॅकी उसळला. "वनीकरण म्हणजे स्प्रूस, डब्लिनच्या लाकूडवाल्यांचे! माझ्या बहिणीच्या घराला तिन्ही बाजूंनी त्या काळ्या झाडांनी गिळलंय. बिचारी भर दुपारी दिवा लावून बटाटे सोलते. शेजारपाजार विकून गेला, बसही बंद झाली. मी म्हटलं, आता मास्तरसुद्धा फिरले. माणसाने विश्वास तरी कुणावर ठेवायचा?"

"अरे, मग मला विचारायचं!"

"विचारायचं?" पॅकीला खराखुरा धक्का बसला. "असं कसं विचारणार? बरं दिसतं का ते?"

मी उठलो, त्याचा दंड धरला आणि त्याला बाथरूमच्या दारात नेऊन उभा केला. टबात, खिडकीत, पाण्याच्या टाकीवर सगळीकडे वीतभर उंचीचे ओक उभे होते. पॅकी वाकून काड्या वाचू लागला. पहिल्या रांगेतच त्याच्या थोरल्या मुलीचं नाव निघालं. मग मधल्याचं. मग धाकट्याचं. धाकट्याची काडी त्याने बोटाने सरळ केली.

"मास्तर," तो शेवटी म्हणाला, "मी गाढव आहे."

मी ते खोडून काढलं नाही. शिक्षकाने बरोबर उत्तराला चूक म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव हरकती मागे घ्यायला धावला. अल्टनने कपाळाला हात लावला. हरकत मागे घेणं हेसुद्धा म्हणे नवं निवेदन धरलं जातं आणि नवं निवेदन आलं की मुदत पहिल्यापासून सुरू होते. पश्चात्तापाने माझी फाइल हरकतींपेक्षा जाड झाली. पुढे ओढ्याचा प्रश्न निघाला. तो तळ्याला मिळतो, तेव्हा तळ्याचं म्हणणं काय? मग पक्ष्यांचा. तिथे कुठला दुर्मीळ पक्षी अंडी घालतो की नाही, हे लागोपाठ दोन वसंत पाहावं लागणार होतं. "आणि तोवर कुरणात कोणी पाय ठेवायचा नाही हं," अल्टनने बजावलं. "गुरं नाहीत, माणसं नाहीत, तुम्हीही नाही. जागा जशीच्या तशी राहिली पाहिजे."

मी पाय ठेवला नाही. मला सांगितलं म्हणजे सांगितलं. कुरण पॅकीच्या गोठ्याच्या आणि काटेरी कुंपणाच्या पलीकडे असल्याने ते घरून दिसतही नाही. मी दुकानात जायचा रस्ताही बदलला, चुकून नजर पडून जागेत काही फरक व्हायला नको म्हणून.

आणि मग रेडिओवर मंत्रिमहोदय बोलले. परवान्यांचा ढीग साचल्याची त्यांना लाज वाटत होती. म्हणून त्यांनी 'वृक्षगती कक्ष' स्थापन केला होता. नवे अधिकारी, नवे संगणक, नवा कायदा! मी इतका आनंदलो की डिम्फनाच्या देखत पावाला लोणी लावलं. आठवड्याभरात वृक्षगती कक्षाकडून माझा अर्ज परत आला. तो जुन्या संथ पद्धतीने केलेला असल्यामुळे नव्या वेगवान पद्धतीत बसत नव्हता. कृपया पहिल्यापासून सुरुवात करावी.

"मास्तर, तुम्ही फार शांत राहता," कॉन्सेप्टाबाई दुकानात मला म्हणाल्या. त्या टपाल, दूध आणि सल्ला हे तिन्ही एकाच काउंटरवरून देतात. "आमदाराला गाठा. नाहीतर संत अँथनीला नवस बोला. माझी हरवलेली कवळी त्याने दोन दिवसांत शोधून दिली."

"आणि आमदाराने?"

"त्याने सहानुभूतीचं कार्ड पाठवलं. त्याला वाटलं मी गेले."

नव्या अर्जाला नवी नोटीस लागली, नवे दोन वसंत आले. पुढे कक्षाच्या वेगाला वेग का येत नाही ते शोधायला एक समिती नेमली गेली आणि समितीला वाचायला फाइली लागतात म्हणून आमच्या फाइली तिकडे गेल्या. हे सगळं मी सोसलं असतं. पण इकडे माझी झाडं मरू लागली.

ओकचं मूळ खोल जातं. त्याला दुधाचं खोकं किती दिवस पुरणार? एका सकाळी टबाच्या कोपऱ्यातली तीन-चार खोकी दिसली नाहीत. "गेली ती," डिम्फना भांडी घासता घासता म्हणाली. "टाकून दिली." दुसऱ्या आठवड्यात आणखी काही गेली. कुणाकुणाची नावं गेली ते मी विचारलं नाही, ऐकवलं नसतं. शाळा गेली, झाड गेलं, पोरं समुद्रापलीकडे गेली आणि आता त्यांची नावंही माझ्याच घरात, माझ्याच बाथटबात मरत होती. मी रोज सकाळी दार उघडायला भ्यायचो. त्याच सुमाराला पॅकी चहाला उशिरा येऊ लागला. त्याच्या बुटांना गुडघ्याएवढा चिखल असायचा. मी काही विचारलं नाही. बरं दिसत नाही ते. शेवटी एके दिवशी टब संपूर्ण रिकामा झाला. डिम्फनाने तो घासून लख्ख केला आणि त्या रात्री तीन-चार वर्षांनी प्रथमच आमच्या घरात कुणी अंघोळ केली. बाहेर बसून मी पाण्याचा आवाज ऐकत होतो. मला रडू आलं, आणि ते मी कुणापासून लपवलंही नाही.

आणखी दोन वर्षं अशीच गेली. अर्ज मागे घ्यावा असं मनात आलंच होतं, तोच कक्षाचा फोन आला. उद्या पाहणीला येतोय! मी नाही म्हणणार होतो, पण डिम्फनाने फोन काढून घेतला आणि म्हणाली, "या की. चहाला थांबा."

अधिकारी बाईंचं नाव ग्रॉनिया डिव्हिली. तरुण, नीटनेटक्या, आणि फाइलींच्या ओझ्याने खांदे उतरलेल्या. त्यांच्यासोबत मी फाटकाशी पोचलो, तर सगळा गाव तिथे हजर. पॅकी, कॉन्सेप्टाबाई, गायनमंडळ. सगळे आकाशाकडे बघत होते.

"पाऊस येणारसं दिसतंय," पॅकी म्हणाला.

मी फाटक उघडलं आणि माझे पाय तिथेच थबकले. कुरण नव्हतं. गुरं नाहीत, विळा नाही, म्हणून विलोची झाडं डोक्यावर गेली होती. बर्च, आल्डर, काटेरी झुडपं, सगळं एकमेकांच्या गळ्यात पडून उगवलं होतं. बिड आत्या थडग्यातून उठून आली असती तरी मी इतका हादरलो नसतो.

"श्री. टिअरनन," डिव्हिलीबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही जंगल लावायची परवानगी मागितली आहे."

"होय."

"पण हे जंगल आहे."

"मी काही केलं नाही हो! मी पायही ठेवला नाही!"

त्या आत शिरल्या, मागोमाग आम्ही. झुडपांच्या आत मोकळी जागा लागली आणि तिथे कंबरेएवढाले ओक उभे होते. एक, मग एक, मग एक, सरळ रांगेत. रांगेमागे रांग, माझ्या वर्गासारखी. डिम्फना माझ्याकडे बघत नव्हती. पॅकी बुटांकडे बघत होता.

"हे कुणी लावले?" डिव्हिलीबाईंचा आवाज बदलला. "विनापरवाना लागवड असेल तर उपटायचा आदेश काढावा लागेल मला. मला खरं सांगा."

गायनमंडळ इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. मग पॅकीने घसा साफ केला.

"जे पक्ष्याने लावलेत, बाई."

"काय?"

"जे. निळ्या पंखांचा. तो बिया पुरतो आणि विसरतो. मास्तरांनी सगळ्या गावाला शिकवलंय."

"अहो, पण सरळ रेषेत?"

"शिस्तीचा आहे. शाळेजवळचा ना."

बाई वाकल्या. एका रोपाच्या बुडाशी रंग उडालेली आइस्क्रीमची काडी होती. त्यांनी ती उपसून वाचली. "आणि हे नाव? हेही पक्ष्याने लिहिलं?"

सगळा गाव माझ्याकडे वळला. बाईंनी काडी माझ्यासमोर धरली. त्यावर ते वळणदार अक्षर, त्यातल्या प्रत्येक गोलाईखाली माझी सही असल्यासारखं. "श्री. टिअरनन, तुम्ही मुख्याध्यापक होतात. हे अक्षर ओळखता?"

उभ्या जन्मात मी खोटं बोललो नव्हतो. खोट्याला मी छड्या दिल्या आहेत, तेव्हा चालायच्या. मी त्या रांगांकडे पाहिलं. पुढच्या रांगेत गॅलॉग्लींची तिघं एकमेकांना खेटून उभी होती, वर्गात बसायची तशीच.

"अक्षर चांगलं आहे," मी म्हणालो, आणि माझाच आवाज ऐकून मला धक्का बसला. "पक्ष्याच्या मानाने."

डिव्हिलीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग गावाकडे, मग हातातल्या फाइलीकडे. ती फाइल दोन्ही हातांनी उचलावी लागे. "हे बघा," त्या म्हणाल्या, "माणसाने लावलं असेल तर मला नवी फाइल उघडावी लागेल. पक्ष्याने लावलं असेल तर हीही बंद होते. आणि आमच्या कक्षाने अजून या परगण्यातली एकही बंद केलेली नाही." त्यांनी काडी जिथली तिथे खोचली. फाइलीच्या पाठीवर कागद टेकून लिहिलं: 'नैसर्गिकरीत्या उगवलेलं वन. अर्जाचा प्रश्नच उद्भवत नाही.' मग बजावून सांगितलं, की आता हे अधिकृत वन आहे आणि यातलं एक झाड जरी तोडायचं झालं तरी परवाना लागेल. पॅकी म्हणाला, "देव करो आणि तो मिळायला तितकाच वेळ लागो." बाईंनी न ऐकल्यासारखं केलं आणि त्या गेल्या. चहासुद्धा राहिला.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी कोणी हललं नाही. मला गावाला खूप काही बोलायचं होतं. भाषण तर कित्येक वर्षं तयार होतं. पण त्यातलं एक अक्षर आठवेल तर शपथ. म्हणून मला जे येतं ते मी केलं. पुढच्या रांगेशी गेलो, वाकलो आणि काड्या वाचायला लागलो. हजेरीच्या आवाजात. आमच्या शाळेत हजेरीला पोरं आयरिशमध्ये 'अन्शो' म्हणतात. 'इथे' असा त्याचा अर्थ.

"असम्प्टा गॅलॉग्ली."

मग मागून पॅकी म्हणाला, "अन्शो."

"डेक्लन गॅलॉग्ली."

"अन्शो."

"फिंटन गॅलॉग्ली."

पॅकी खिशात रुमाल शोधू लागला, तेव्हा कॉन्सेप्टाबाई म्हणाल्या, "अन्शो." आणि मग सगळेच आपापल्यांच्या नावाला ओ देऊ लागले. पर्थ, सिडनी, टोरोंटो, सगळी पोरं इथे होती. रांगांमागून रांगा मी वाचत गेलो. शेवटच्या रांगेच्या टोकाला एक रोप होतं, बाकीच्यांहून बुटकं, ज्याची काडी मी लिहिली नव्हती. त्यावरचं अक्षर तिरपं होतं, रेघेबाहेर गेलेलं. मी वाचायला वाकलो आणि वाचू शकलो नाही. डिम्फना पुढे आली.

"मॅलकी टिअरनन," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

या शाळेत मीही शिकलो होतो, हे मी विसरलोच होतो. तोंड उघडलं, पण काही केल्या शब्द बाहेर येईना. सगळा गाव वाट बघत उभा.

"अन्शो," पॅकी माझ्या खांद्यावर हात ठेवून डिम्फनाला म्हणाला. "धक्का बसलाय त्यांना, बाई. पण हजर आहेत."